त्सुमागोच्या जुन्या सराईत एक रात्र: आई, मावशी आणि दाशी

जपानमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींकडे घरचं कुणी आलं की दौरा ठरलेला असतो. तोक्यो, फुजी, क्योतो, जमलं तर हिरोशिमा. मला आई आणि मावशीला एक रात्र तरी डोंगरातल्या जुन्या गावात न्यायचं होतं. दोघी मिरजेच्या, साठीच्या पुढच्या, पक्क्या शाकाहारी. त्यात मावशीचे चातुर्मासाचे नेम आणि आईचा उजवा गुडघा. जुन्या जपानी सराईत बसायचं जमिनीवर, झोपायचं जमिनीवर, न्हाणीघर सगळ्यांना मिळून एक आणि समोर येईल ते जेवायचं. "कशाला त्या फंदात पडतेस, हॉटेलात राहा की," असंच बहुतेक जणींनी सांगितलं. शेवटी सगळं नीट पार पडलं. पण त्यासाठी केलेली फोनाफोनी आणि कागदपत्रं मला कुठे एका जागी लिहिलेली सापडली नव्हती, म्हणून हे लिहिते आहे.

गाव निवडलं त्सुमागो. नागानो प्रांतात, किसो नदीच्या खोऱ्यात. एदो म्हणजे आजच्या तोक्योपासून क्योतोपर्यंत डोंगरांमधून जाणारा नाकासेन्दो नावाचा हमरस्ता होता, त्यावर ६९ मुक्काम, त्यातला हा ४२वा. सरदारांच्या लवाजम्यासाठी एक मोठा वाडा, त्यांच्या खालोखालच्या लोकांसाठी दुसरा आणि बाकी वाटसरूंसाठी साध्या सराया, अशी रचना. १८६१ साली राजकन्या काझुनोमिया शोगुनशी, म्हणजे देशाच्या लष्करी शासकाशी, लग्न करायला क्योतोहून एदोला गेली ती याच रस्त्याने. पुढे रेल्वे आली, गाव बाजूला पडलं, तरुण मंडळी शहरात गेली. १९६८ पासून पडकी घरं दुरुस्त करायचं काम सुरू झालं आणि १९७१ मध्ये गावकऱ्यांनी ठरवलं की घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ मध्ये सरकारने गावाला राष्ट्रीय संरक्षण दिलं. वाचायला हे छान वाटतं, पण मुक्कामाला जाणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा लागतो. सराई म्हणजे कुणाचं तरी राहतं घर, खोल्या मोजक्या, सैपाक घरातलीच बाई करते. आमच्या सराईचं आरक्षण फक्त फोनवर होत होतं.

तारीख ठरवायला जून उजाडला. पानं रंगतात नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. २३ नोव्हेंबरला गावात जुन्या पोशाखातली मिरवणूक निघते, त्याच्या आसपास खोली मिळणं अवघड. आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला कार्तिकी एकादशी. उपासाच्या दिवशी परक्या घरी साबुदाणा कुठून आणायचा? म्हणून १३ तारीख, बुधवार. आठवड्याच्या मधला वार घ्याच. शनिवारची खोली मागितली तर तीन माणसांना बहुधा नकारच मिळतो.

फोन मी दुपारी दोनच्या सुमारास केला. जपानी येत असलं तर हीच वेळ साधा: सकाळी पाहुणे निघायची गडबड, चारनंतर नवे पाहुणे यायची. जपानी येत नसेल तर गावच्या पर्यटन माहितीकेंद्राची मदत घ्या. मालकीणबाई आवाजावरून सत्तरीच्या वाटल्या. नाव, तारीख, माणसं किती, कुठून येणार, किती वाजता पोचणार, चालत की बसने, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. मी म्हटलं, तिघी शाकाहारी आहोत. पलीकडे जरा वेळ शांतता. मग प्रश्न सुरू झाले. मासे? नाही. अंडं? नाही. दूध? चालतं. मशरूम? चालतात. दाशी?

सगळी गोम इथेच आहे. दाशी म्हणजे जपानी सैपाकातलं मूळ पाणी. बहुतेक घरी ते सुकवलेल्या बोनितो माशाच्या पापुद्र्यांचं असतं, आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपपासून शिजवलेल्या भाजीपर्यंत, सोबाच्या (बकव्हीटच्या शेवयांच्या) रस्स्यापासून भज्यांबरोबरच्या पातळ चटणीपर्यंत सगळीकडे जातं. नुसतं "शाकाहारी" म्हटलं की मासा ताटातून जातो, पाण्यातून जात नाही. म्हणून मी सांगितलं, बौद्ध मठात असतं तसं शोजिन पद्धतीचं, दाशी कोम्बु आणि शीताकेची. कोम्बु हे समुद्री शेवाळ, शीताके मशरूम. हे दोन शब्द उच्चारले की चित्र बदलतं, कारण त्यांना ते येतं, फक्त रोज करत नाहीत. मठाच्या जेवणात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे मावशीचा प्रश्न परस्पर सुटला.

मालकीणबाईंनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. नदीतला मासा आणि मांस वगळलं म्हणून पैसे कमी होणार नाहीत. आणि आयत्या वेळी काही बदलता येणार नाही, कारण दुकान डोंगराखाली आहे. दोन्ही मला रास्त वाटलं. मग म्हणाल्या, हे सगळं कागदावर पाठवा. म्हणजे फॅक्स. कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानातून, पानाला पन्नास येन पडले. कागदावर चालतं आणि चालत नाही असे दोन रकाने केले आणि खाली तीन विनंत्या लिहिल्या: पाठीला टेकू असलेली बैठी खुर्ची, शौचालयाजवळची खोली आणि सकाळी आंघोळीची सोय.

पहिल्या दोन मंजूर झाल्या. तिसरी नाही. न्हाणीघर संध्याकाळी साडेचार ते नऊ, सकाळी बंब बंद. मी मावशीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे पारोसंच खायचं?" त्यावर मी तेव्हा काही बोलले नाही.

आता व्हिसा. मला इथे नोकरी असल्याने मी दोघींना नातेवाईक म्हणून बोलावलं. नात्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंतचे नातेवाईक यात बसतात, मावशी बसते. माझ्याकडून लागले ते कागद: बोलावण्याचं कारण सांगणारं पत्र, दिवसागणिक मुक्कामाचा तक्ता, हमीपत्र, वॉर्ड कार्यालयातून रहिवासाचा दाखला आणि उत्पन्न-कराचा दाखला. दोन्ही दाखल्यांना प्रत्येकी काही शे येन. मुक्कामाच्या तक्त्यात प्रत्येक रात्रीचा पत्ता आणि फोन द्यावा लागतो, तेव्हा सराईचं आधी ठरलेलं असणं कामाला आलं. नातं दाखवायचं म्हणजे आई आणि मावशी सख्ख्या बहिणी हे दाखवायचं. लग्नानंतर दोघींची आडनावं वेगळी, आईचं तर नावसुद्धा सासरी बदललेलं. दोघींच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं होती, ती पानं जोडली आणि जोडीला दोघींचे शाळा सोडल्याचे दाखले. आजोबांच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे सारखं निघालं हे नशीब. तुमच्याकडे तसं नसेल तर दुरुस्तीला महिना-दोन महिने हाताशी ठेवा.

कागद कुरिअरने मिरजेला, तिथून दोघी पुण्याच्या अर्जकेंद्रात. एप्रिल २०२४ पासून भारतीयांना पर्यटनासाठी इ-व्हिसाही मिळतो. तो ज्यांना मिळेल त्यांनी एक ध्यानात ठेवावं: विमानतळावर तो फोनवर, इंटरनेट चालू असताना दाखवावा लागतो. छापील कागद किंवा स्क्रीनशॉट धरत नाहीत. घरच्या मोठ्या माणसांना फोनची सवय नसेल तर हे आधी दोन वेळा करून घ्या.

१३ तारखेला पहाटे सहाची तोक्यो-नागोया शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. इतक्या लवकर का, तर सामानासाठी. मागोमे आणि त्सुमागो या दोन गावांच्या माहितीकेंद्रांमध्ये पिशव्या पोचवायची सोय आहे, पण सकाळी साडेअकराच्या आत द्याव्या लागतात आणि दुपारी पलीकडे घ्यायच्या. हिवाळ्यात ही सोय बंद असते. नगाला १००० येन. आम्ही तिघींचं मिळून दोन नगांत बसवलं.

नागोयाहून नाकात्सुगावापर्यंत जलद लोकल घेतली. एक्स्प्रेसने वीस-पंचवीस मिनिटं वाचतात, पैसे जवळजवळ दुप्पट. परदेशी पाहुण्यांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये महागून सात दिवसांना ५०,००० येन झाला, त्यामुळे अशा एका फेरीसाठी तो परवडत नाही, सुटी तिकिटं काढा. नाकात्सुगावा स्टेशनजवळ कुरीकिंतोन मिळतं, चेस्टनट आणि साखर, बाकी काही नाही, शरद ऋतूतच. आईने एक खाल्लं आणि डबा घ्यायला लावला.

मागोमे ते त्सुमागो जुन्या रस्त्याने आठेक किलोमीटर आहे. मागोमेचा दगडी चढ आणि पुढची खिंड गुडघ्याला झेपणारी नव्हती, म्हणून मागोमेत सामान देऊन बसने थेट खिंडीपर्यंत गेलो आणि तिथून उतरलो. खिंड आठशे मीटर उंचीच्या आसपास, त्सुमागो सव्वाचारशेच्या. साडेपाच किलोमीटर, सगळा उतार. ज्यांच्याबरोबर मोठी माणसं आहेत त्यांना मी हेच सांगेन. फक्त उताराला गुडघ्यावर भार येतो, काठी हवीच. बस दिवसातून मोजक्याच, वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, रेंज मध्येच जाते.

वाटेवर ठिकठिकाणी अस्वलांसाठी घंटा टांगलेल्या आहेत. येताजाता वाजवायच्या, म्हणजे अस्वल लांब राहतं. आईने देवळात वाजवावी तशी प्रत्येक घंटा वाजवली, आणि मावशीने "अस्वलाला कळलं, पुरे" म्हणून तिला पुढे ओढलं. दोन्ही बाजूंना हिनोकी आणि सुगीची सरळसोट झाडं. ओवारीच्या सरदारांच्या अमलात हिनोकीसह पाच जातींची झाडं तोडायला बंदी होती. एका झाडाला एक मुंडकं, असं लोक म्हणत. मध्ये एक जुनी चहाची झोपडी लागते. तिथे स्वयंसेवक चहा देतात, पैसे मागत नाहीत, डबा ठेवलेला असतो. चुलीचा धूर डोळ्यात जात होता, पण आईचा पाय तिथे अर्धा तास शेकला गेला त्याने पुढचं चालणं जमलं.

त्सुमागोत पोचलो तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. मुख्य गल्लीत दिवसा गाड्यांना बंदी, विजेच्या तारा समोर दिसत नाहीत, छपरांच्या फळ्यांवर दगड ठेवलेले. बसभरून आलेले लोक फोटो काढत होते. पाचनंतर यातलं कुणीही उरलं नाही. दुकानं खरोखर पाचला बंद होतात. औषध, बिस्किटं, पाणी जे लागेल ते आधी घ्या, रात्री काही मिळत नाही.

सराईच्या दारात बूट काढले, चपला घातल्या, तातामीच्या, म्हणजे गवताच्या जाड चटयांच्या, कडेला चपला काढल्या. शौचालयाच्या चपला वेगळ्या, त्या तिथेच सोडायच्या. मावशीला हे पाठ करायला लागलं नाही. "आमच्या आजीकडे याहून कडक होतं," म्हणाली. आई-मावशीचे पासपोर्ट मागून त्यांच्या प्रती काढल्या. इथे पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी तो नियमच आहे, माझा पत्ता तेवढा लिहून घेतला. खोलीला कुलूप नाही, कागदी सरकती दारं. कोपऱ्यात रॉकेलचा हीटर, मध्ये बैठं मेज, आणि त्याच्याभोवती टेकू असलेल्या तीन खुर्च्या. मी एकच मागितली होती.

मालकीणबाईंनी विचारलं, आंघोळीला आधी कोण? माझ्या मनात या एका गोष्टीची सगळ्यात धास्ती होती, परक्या बायकांबरोबर उघड्याने आंघोळ या दोघी करणं शक्य नव्हतं. पण आमच्या सराईत न्हाणीघर एकच, म्हणून एका वेळी एकच कुटुंब, आतून कडी. फोनवर हे जरूर विचारून घ्या, कारण मोठ्या र्योकानांत, म्हणजे पारंपरिक हॉटेलांत, तसं नसतं. बाहेर स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि मगच लाकडी टाकीत उतरायचं. पाणी सगळ्यांना तेच, बूच काढायचं नाही. दोघी बहिणी एकत्र गेल्या आणि ठरलेल्या वेळेपेक्षा बऱ्याच उशिरा बाहेर आल्या. लाल झालेल्या, युकाता, म्हणजे सुती झगा, नेसलेल्या. युकाता डावी बाजू वर घेऊन बांधायचा असतो, उजवी वर फक्त प्रेताची. ते ऐकल्यावर मावशीने गाठ दोनदा तपासली.

जेवण सहाला. म्हणजे सहाला, सव्वासहाला नाही. दिवाणखान्यात बैठी मेजं, प्रत्येकासमोर पंधराएक छोटी भांडी. शेजारच्या ताटांत भाजलेला नदीतला मासा, घोड्याचं कच्चं मांस आणि गोड सोयात परतलेले नाकतोडे. किसोच्या खोऱ्यात हे नेहमीचं आहे. मी आईला तिकडे पाहू नकोस म्हटलं आणि अर्थातच तिने पाहिलं. आमच्यासमोर तिळाचं तोफू, कोन्याकू (एका कंदाची जेलीसारखी वडी), रानभाज्या, मशरूमची आणि भोपळ्याची भजी, सोबा आणि मिसो लावून भाजलेलं वांगं. मावशी वांग्याकडे बघून थांबली. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं बंद, ते कार्तिकी एकादशीला सुटतं. म्हणजे आदल्याच दिवशी सुटलं होतं. "बघ, विठोबाने मोकळं केलं ते इथे आणून वाढलं," म्हणाली आणि सगळ्यात आधी तेच संपवलं. तिच्या मते आत हिंग हवा होता.

भज्यांबरोबर पातळ चटणीच्या वाट्या आल्या. मी विचारायच्या आत मालकीणबाई धावत आल्या, वाट्या उचलल्या आणि बारीक मिठाच्या तीन बशा ठेवल्या. ती चटणी सगळ्यांसाठीची होती, माशाच्या दाशीची. कंबरेला दुमडून त्यांनी एवढी माफी मागितली की आई उठून उभी राहिली.

मग लोणचं. सुन्की म्हणतात त्याला, किसोतल्या लाल सलगमचा पाला आंबवून करतात, मीठ अजिबात न घालता. डोंगरात मीठ समुद्राकडून पाठीवर वाहून यायचं, महाग पडायचं. मावशी वर्षाला दहा-बारा प्रकारची लोणची घालते, तिला मिठाशिवाय लोणचं टिकतं हे पटेना. मी दुभाषी झाले. पाला गरम पाण्यातून काढायचा, मागच्या वर्षीच्या वाळवलेल्या सुन्कीचं विरजण लावायचं, उबेत रात्रभर ठेवायचं. "विरजण! मग तसं सांग ना," असं म्हणून तिने दुसरी वाटी मागितली. मालकीणबाई तिच्यासमोर गुडघ्यावर बसून हाताने दाखवत होत्या, मावशी मराठीत विचारत होती, आणि मधूनमधून मी बोलायच्या आधीच उत्तर येत होतं.

परत खोलीत आलो तर फुतोन, म्हणजे जमिनीवरच्या गाद्या, घातलेले. जाड हवा असेल तर एकाखाली दुसरा मागा, आम्ही आईसाठी मागितला. जमिनीवरून उठायला तिने मेजाचा आधार घेतला, जमलं. दारं कागदाची आहेत, पलीकडच्या खोलीतलं घोरणंही ऐकू येतं, तेव्हा घरी फोन करायचा असेल तर जेवणाआधी बाहेर जाऊन करावा. नऊच्या सुमारास आम्ही तिघी कोट चढवून गल्लीत फिरून आलो. त्रयोदशीचं चांदणं, कंदील चार-दोन, माणूस नाही. थंडी चांगली होती, हीटर रात्री बंद करायचा असतो, लोकरीचे मोजे आणि कानटोपी घालूनच झोपा.

सकाळी सहाला मावशी उठून बसली. मी थर्मासातलं गरम पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं, तिने हातपाय-तोंड धुतलं, खिडकीकडे तोंड करून स्तोत्र म्हटलं आणि स्वतःच जाहीर केलं, "संध्याकाळी झाली ती आंघोळ आजच्या खात्यात." साडेसातला नाश्ता, भात, कोम्बुच्या दाशीचं मिसो सूप, तोफू, पुन्हा सुन्की.

हिशेब रोखीतच, कार्ड चालत नाही. माणशी बारा हजार येनच्या आसपास, रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून. टीप द्यायची नाही, घेत नाहीत, उलट अवघडतात. आईने मिरजेहून आणलेला तिळाच्या वड्यांचा डबा दिला, तो मात्र दोन्ही हातांनी घेतला. बसने दहा मिनिटांत नागिसो स्टेशन. तिथे गाडीला तासभर होता, तेवढ्यात किसो नदीवरचा १९२२ साली बांधलेला मोमोसुकेचा लाकडी झुलता पूल बघून झाला, स्टेशनपासून चालत जवळ आहे. या लायनीवर गाड्या कमी आहेत, आधी परतीची गाडी ठरवा आणि मग सराई सोडायची वेळ.

तोक्योहून जाऊन-येऊन, राहणं-खाणं धरून माणशी चाळीस हजार येनच्या आत झालं. त्यातला मोठा वाटा शिन्कान्सेनचा, नागोयापर्यंत रात्रीच्या बसने गेलात तर बराच कमी होईल, पण मोठ्या माणसांना घेऊन तसं करू नका. रात्री दोन-तीनदा उठावं लागणाऱ्या, किंवा जमिनीवरून आधाराशिवाय अजिबात न उठता येणाऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर मुक्काम नाकात्सुगावाच्या हॉटेलात करा आणि त्सुमागो दिवसा बघून या. बाकीच्यांनी फॅक्सच्या कागदावर दोन रकाने करायला घ्या. कुणाला माझा जपानी मजकूर हवा असेल तर कळवा, पाठवते.